शेवटचा हात

वहिनी येणार म्हणून थोरलीने सकाळपासून सगळ्या शेडला कामाला जुंपलं होतं. गवंड्याने झाडलेली फरशी तिने पुन्हा झाडायला लावली. इस्त्रीवालीला रंगाचे डबे ओळीत मांडायला सांगितले आणि ओळ वाकडी दिसते म्हणून ते स्वतःच पुन्हा मांडले. वहिनी काही डबे बघायला येत नाहीये, असं गवंडी हसत म्हणाला. थोरलीने त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो मुकाट्याने चहाचं आधण ठेवायला गेला.

मधला भाऊ गेल्यापासून त्याची बायको, जिला सगळी शेड वहिनीच म्हणायची, इथे एकदाच येऊन गेली होती, आणि तेही थोरली जेवायला घरी गेलेली असताना. टेम्पोतून तिने मधल्याचं शेवटचं चित्र उतरवून घेतलं, भिंतीशी टेकवलं आणि कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. आज मात्र ती बोलावण्यावरून येत होती, लेकीला घेऊन.

लेक म्हणजे ठिपकी. लहानपणी तिच्या नाकावर सदानकदा रंगाचा एखादा ठिपका असायचा. आता शिकून सवरून नोकरीच्या वयाची झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलं. ठिपकीने शेडमध्ये यावं, कायमचं यावं, एवढी एकच इच्छा थोरलीची उरली होती. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाचं मन रंगापेक्षा गाठीभेटी, ओळखीपाळखी यांत जास्त रमायचं. मधला गेला. बाबांचा हात उतरला होता तो ठिपकीच्या हातात, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ठिपकीलाही यायचं होतं. घोडं अडलं होतं ते आईपाशी. वहिनीला ही शेड सवतीसारखी वाटायची. नवरा उभ्या जन्मात घरी कमी आणि इथे जास्त राहिला, हे ती हसत हसत सांगायची, पण सांगायची दर वेळी. तिने आज नाही म्हटलं तर ठिपकी आईला डावलून येणार नव्हती, आणि ठिपकी आली नाही तर थोरलीनंतर शेडला कुलूप लागणार, हे ठरलेलं होतं.

म्हणून थोरलीने वहिनीसाठी एक भेट तयार ठेवली होती. मधल्या टेबलावर, चादरीखाली.

ती भेट काय होती ते कळायला शेडची रीत माहीत हवी. बाबा पत्र्याच्या पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, खानावळींच्या. तिघा भावंडांच्या हातात त्यांनी अक्षरओळख होण्याआधी ब्रश दिला आणि एक नियमही दिला. आपल्या पाटीला शेवटचा हात आपण द्यायचा नाही. ज्याने अक्षरं काढली त्याच्या डोळ्यांना ती पाठ होतात, मग त्याला स्वतःची चूक दिसत नाही. म्हणून पाटी झाली की तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची. भिंतीकडे तोंड म्हणजे माझं संपलं, आता दुसऱ्याने बघावं. मग जो मोकळा असेल तो ती पाटी फिरवायचा, कुठे रेघ थरथरली असेल, कुठे रंग ओघळला असेल ते नीट करायचा आणि पाटी गिऱ्हाइकाकडे रवाना व्हायची. विचारायचं नाही, सांगायचं नाही, आणि नंतर त्याबद्दल बोलायचं तर मुळीच नाही.

मग छापील पाट्या आल्या आणि बाबांचा धंदा बसला. बाबा त्याचीच हाय खाऊन गेले. मागे राहिली ही पत्र्याची शेड, परत आलेल्या जुन्या पाट्यांची चळत आणि अर्धे भरलेले डबे. धाकटा म्हणाला, विकून टाकू. थोरली म्हणाली, बघू. मधल्याने मात्र दोघांना न विचारता एक जुनी पाटी ओढली, कुठल्याशा किराणा दुकानाच्या नावावर पांढरा हात मारला आणि समोरच्या गल्लीचं चित्र काढायला बसला. झाल्यावर त्याने ते सवयीने भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी थोरलीने, तीही सवयीनेच, ते फिरवलं आणि त्यातल्या विजेच्या तारा सरळ केल्या. शेडमधलं पहिलं चित्र ते. कोणाचं म्हणून विचाराल तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

ते चित्र दाराबाहेर वाळत ठेवलेलं बघून समोरच्या बांधकामावरचा गवंडी आत आला. मलाही काढायचंय म्हणाला, पण मला सरळ रेघ येत नाही. भिंत ओळंब्यात बांधतो, पण कागदावर हात वाकडाच जातो. मधला म्हणाला, तू तुला येईल तसं काढ, शेवटचा हात आम्ही देऊ. या एका वाक्यावर पुढची सगळी शेड उभी राहिली. गवंड्याच्या मागून इस्त्रीवाली आली, मग एक बसड्रायव्हर, मग शाळेतल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक बाई. कोणाला माणसं जमत नव्हती, कोणाला सावल्या. आपलं राहिलेलं कोणीतरी पुरं करील या भरवशावर ज्याने त्याने जमेल तेवढं धीटपणे काढलं. चित्रं आधी गल्लीतल्या भिंतीवर लागली, मग एका बंद गोदामात, मग परगावी. खाली सही कोणाचीच नसायची. कोण कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कळूच नये, यातच थोरलीला मोठेपणा वाटायचा. आणि शेवटचा हात म्हटला की थोरलीचाच. हाताखाली टेकूला काठी धरून ती रेघ ओढायला लागली की इस्त्रीवाली श्वास रोखून बघत राहायची.

आता मोठ्या शहरातल्या संग्रहालयाने शेडची चित्रं मागितली होती, आणि मधल्याचं शेवटचं चित्र त्यात हवंच असं कळवलं होतं. धाकट्याच्या मते त्याखाली मधल्याचं नाव जायला पाहिजे होतं. थोरलीच्या मते असलं नाव लावणं म्हणजे बाबांच्या तोंडाला काळं फासणं होतं. यावरून बहीणभावात पंधरवडाभर अबोला होता. पण थोरलीला खरी काळजी त्या नावाची नव्हती. ठिपकीची होती.

वहिनी आली तेव्हा ऊन पत्र्यावर चांगलंच चढलं होतं. ती तब्येतीने उतरली होती. चालताना ठिपकीचा दंड धरत होती, आणि दारात येऊन थबकली तशी थोरलीच पुढे झाली. दोघींनी एकमेकींना धरलं. कोणी रडलं नाही. धाकट्याने खुर्ची ओढून दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि तिच्या बाजूला असा बसला, की आज आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे न बोलता सगळ्यांना कळावं.

इस्त्रीवालीने झोपेबद्दल विचारलं, वहिनीने येते-जाते असं सांगितलं. मग धाकट्यानेच संग्रहालयाचा विषय काढला. दादाने सगळं आयुष्य इथे घातलं, निदान शेवटच्या चित्राखाली तरी त्याचं नाव असू दे, तुला काय वाटतं वहिनी, असं तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहिला. वहिनी ऐकत होती. थोरली तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "नावाचं मी आजवर कधी बोलले नाही, भावजी. पण या चित्राची गोष्ट वेगळी आहे."

तिने सांगितलं ते थोरलीला नवीन होतं. दुखणं बळावल्यावर मधल्याच्या हाताला कंप सुटला. भाजीचा चमचा तोंडापर्यंत जाईना. म्हणून तो शेडमध्ये यायचा बंद झाला. आपला हलता हात बहिणीला दिसू नये असं त्याला वाटायचं. त्याने पत्रा घरीच मागवून घेतला. दुपारी औषध देऊन झालं की वहिनी त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घ्यायची, आणि ती झोपलेली असताना तो काढायचा. तिलाच. मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं, पदर मांडीवर घसरलेला. रात्रीच्या जागरणांनी पार गळून गेलेली बाई. जागी झाल्यावर तिने बघितलं तेव्हा ती चिडलीच होती, असली अवतारातली मला कशाला रंगवतोस म्हणून.

"त्याची एकेक रेघ हलत होती, ताई," वहिनी म्हणाली. "सगळंच हलत होतं. पदर, हात, गळा. पण काय झालं होतं, त्या हलण्यामुळे मी श्वास घेतेय असं वाटायचं. मी झोपलेय आणि श्वास घेतेय, आणि तो जागा आहे. तो गेल्यावर मला ते घरात बघवेना. रात्री पाणी प्यायला उठले की वाटायचं, तो तिथे बसून अजून मला काढतोय."

थोरलीने चादर टाकलेल्या टेबलाकडे बघायचं टाळलं.

"तो म्हणाला होता," वहिनी पुढे म्हणाली, "याला शेवटचा हात नको. एवढं एक माझंच राहू दे. मी म्हटलं, तुझ्या ताईला सांग की. तर म्हणाला, सांगेन. पण मग ते राहिलंच. म्हणून मी आज आले. संग्रहालयात जाऊ दे, नाव लावा नाहीतर नका लावू, पण आहे तसं जाऊ दे. आणि जाण्याआधी मला एकदा बघायचंय. आता बघवेल मला."

धाकट्याला मनासारखा विषय मिळाला होता. तो उठला आणि टेबलाकडे गेला. थोरलीने थांब म्हटलं, पण तोवर त्याने चादरीचं टोक धरलं होतं. चादर निघाली.

चित्र सुंदर होतं. थोरलीने आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं ते चित्र तिने जेवून आल्यावर बघितलं होतं आणि तिला भरून आलं होतं. वहिनीला एवढ्या वर्षांनी आपली रीत पटली, नवऱ्याचं राहिलेलं काम ती आपल्यावर सोपवून गेली, असं तिच्या मनाने घेतलं. मग सगळा आठवडा तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. भावाची प्रत्येक थरथर तिने शोधून काढली आणि काठी धरून, श्वास धरून, एकेक रेघ सरळ केली. पदराची घडी स्वच्छ झाली. गळ्याची रेषा एका दमात खाली आली. ओठ मिटले नाहीत, पण नीट झाले. खुर्चीत आता एक शांत, देखणी बाई झोपली होती, आणि ती अजिबात हलत नव्हती.

वहिनी चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ तिला समजलंच नाही. तिने चेहरा पत्र्याच्या जवळ नेला, मग लांब झाली, मग पुन्हा जवळ नेला. ठिपकीला आधी कळलं. तिने आत्याकडे बघितलं, आणि थोरलीने मान खाली घातली.

"हे कोणी केलं?" वहिनीने विचारलं.

"मी," थोरली म्हणाली. "मला वाटलं, तू मला द्यायला आणलंस. भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतंस ना गं."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. ती नियम ऐकत आली होती, पण नवऱ्याच्या कामावरचं बोलणं बायको ऐकते तसं, भाजी निवडता निवडता. भिंतीकडे तोंड केलेल्या चित्राला इथे काय अर्थ आहे, हे तिच्या डोक्यात कधी बसलंच नव्हतं. तिने ते फिरवलं होतं कारण तिला ते बघवत नव्हतं.

धाकटा मात्र भडकला. रंगाच्या डब्याचं झाकण काढायची सुरी त्याने उचलली. वरचा हात खरवडून काढतो, खालचा दादाचा तसाच असणार, असं म्हणत त्याने खालच्या कोपऱ्यात, खुर्चीच्या पायापाशी, सुरी लावली. ऑइलपेंटचे दोन्ही हात एकमेकांना धरून एका पापुद्र्यात निघाले. खाली नुसता पत्रा चमकला. टर्पेंटाइनचं फडकं घेऊन इस्त्रीवाली धावली, पण रंग कधीच खडखडीत वाळला होता. फडकं त्यावरून नुसतं फिरलं.

मग धाकट्याने तोंड सोडलं. तुला कोणाचंच काही वेगळं बघवत नाही ताई, तुला सगळं तुझ्या रेघेत बसायला हवं, दादाला मेल्यावरसुद्धा तू सरळ केलंस, असं बरंच काही तो बोलला. त्यातलं थोडं खरं होतं, म्हणून थोरलीने ते सगळं ऐकून घेतलं. थांबवलं ते वहिनीने.

"पुरे आता, भावजी. तिने नाही केलं एकटीने. फिरवून मी ठेवलं. चार शब्द बोलून गेले असते तर हे झालं नसतं. मला त्या दिवशी इथे कोणाचं तोंड बघायचं नव्हतं."

हे बोलणं थोरलीला धाकट्याच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. वहिनीने भांडावं, चित्र उचलून न्यावं, पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही म्हणावं, याला तरी ती तोंड देऊ शकली असती.

"ताई," वहिनी हळूच म्हणाली, "कुठे राहून गेलं असेल का? एखादी जागा? तुमच्या नजरेतून सुटलेली?"

थोरलीने चित्र उचललं आणि दारातल्या उजेडात आणलं. ती आणि ठिपकी उकिडव्या बसल्या आणि वरपासून खालपर्यंत शोधायला लागल्या. केसांपासून सुरुवात केली. कानामागची बट, गळा, ब्लाउजची किनार, बांगड्या, बोटं. बोटांपाशी थोरली आणखी खाली वाकली, कारण बोटं तिने घाईत केली होती असं तिला आठवत होतं. पण नाही. बोटंही सरळ होती. घाईतही तिचा हात चुकला नव्हता. गवंडी, इस्त्रीवाली, सगळे भोवती वाकून बघत होते. आजवर कधी कोणी या शेडमध्ये चूक सापडावी म्हणून असे देव पाण्यात घातले नव्हते. धाकटासुद्धा येऊन उभा राहिला. शेवटी ठिपकीनेच मान हलवली.

"नाही राहिलं गं काही," थोरली म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. भावाचे दिवस करतानासुद्धा ती अशी रडली नव्हती. मी त्याला पुसून टाकलं, मी माझ्या हाताने पुसलं, असं म्हणत ती फरशीवर बसून मोठ्याने रडत राहिली. वहिनीने खाली वाकून तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिला उठवलं नाही, आणि स्वतःही तिच्याजवळ बसली नाही. मग ती परत खुर्चीत जाऊन बसली आणि डोळे मिटून घेतले.

चहा तसाच निवला होता. वहिनी उठली तेव्हा धाकट्याने चित्राचं काय करायचं ते विचारलं. पाठवा संग्रहालयात, ती म्हणाली, शेडचं म्हणून पाठवा. नाव लावायचं काही कारण उरलं नव्हतं. पंधरवडाभर थोरली ज्यासाठी भांडली ते तिला मिळालं होतं.

दारापाशी वहिनी ठिपकीला म्हणाली, "तुला यायचंय ना इथे? ये. मी अडवणार नाही. अडवून काय राहणार आहे आता माझ्याकडे." आणि उन्हात जाऊन उभी राहिली.

ठिपकी मागे थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज बापासारखा, खालच्या पट्टीतला आणि ठाम होता.

"आत्या, मी येते. पण माझ्या चित्राला कोणी शेवटचा हात द्यायचा नाही. तूसुद्धा नाही."

थोरली पदराने तोंड पुसत होती. तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं, बाबांनी शिकवलेलं, हजार वेळा कोणाकोणाला ऐकवलेलं. या शेडमध्ये असं चालत नाही. ज्याला आपलं आपल्यापाशी ठेवायचं त्याने घरी बसून काढावं. ती ठिपकीकडे बघत राहिली. भावाचं कपाळ, भावाची हनुवटी. हे एवढंच आता त्याचं उरलं होतं, ज्याला तिचा हात लागलेला नव्हता.

"बरं," ती म्हणाली.

ठिपकी गेली. बाहेर आईचा दंड धरून ती गल्लीच्या टोकाकडे चालायला लागली. थोरलीच्या त्या एका शब्दात काय सुटलं ते आत सगळ्यांना कळलं होतं. एकीला मोकळीक दिली की ती सगळ्यांना द्यावी लागणार, आणि मग शेडमध्ये नुसती शेजारी शेजारी बसून आपापली चित्रं काढणारी माणसं उरणार.

गवंडी आपल्या जागेवर गेला. त्याने काल संपवलेली एक पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तिच्यात एक पूल होता, आणि पुलाचे कठडे नेहमीसारखे नदीकडे कलले होते. ती सुलटी करून त्याने हातात धरली.

"ताई, मग माझं काय?" त्याने विचारलं. "मला तर सरळ येत नाही."

थोरलीने पुलाकडे बघितलं. तिचा उजवा हात आपसूक काठीकडे गेला होता, तो तिने मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"राहू दे वाकडं, मामा," ती म्हणाली. "चांगलं दिसतं."

गवंड्याने मान हलवली. ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला कळत होतं. तरी तो बराच वेळ पाटी धरून उभा राहिला, कुठे ठेवावी ते न सुचून.